खासगी शाळेतलं मूल आणि सरकारी पैसा

या अंकातले सगळे प्रश्न एकाच विषयाचे आहेत: शाळा खासगी, मग सरकारी पैसा कुठे येतो, कुठे थांबतो आणि पालकाने काय मागायचं. प्रवेशाचं वेळापत्रक दर वर्षी बदलतं. म्हणून तारखा न देता, ज्या गोष्टी दर वर्षी त्याच राहतात आणि ज्यात दर वर्षी तेच लोक अडकतात, त्यांवर भर दिला आहे.

प्रश्न: माझा मुलगा आणि जाऊबाईंचा मुलगा, दोघंही तिसरीत, दोन वेगळ्या संस्थांच्या मराठी शाळांत. त्याला पुस्तकं फुकट मिळाली, दुपारी खिचडी मिळते. माझ्या मुलाला काहीच नाही. दोन्ही शाळा खासगीच ना? (एक आई, सांगली जिल्हा)

खासगी दोन्ही आहेत, पण जात वेगळी आहे. जाऊबाईंच्या मुलाची शाळा अनुदानित दिसते. म्हणजे संस्था खासगी, पण शिक्षकांचे पगार सरकार देतं. तुमच्या मुलाची विनाअनुदानित किंवा 2012 च्या कायद्याखाली निघालेली स्वयंअर्थसहाय्यित असणार. मधे आणखी एक प्रकार आहे, अंशतः अनुदानित. तिथे पगाराचा 20, 40, 60 किंवा 80 टक्के हिस्सा सरकार उचलतं.

सरकारी योजना मुलाची ऐपत पाहत नाहीत, आधी शाळेचा प्रकार पाहतात. पहिली ते आठवीची मोफत पाठ्यपुस्तकं सरकारी, जिल्हा परिषदेच्या, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांना मिळतात. दुपारच्या आहाराचंही तसंच. त्यात पहिली ते पाचवीला रोज 100 ग्रॅम धान्य, 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला 150 ग्रॅम, 700 उष्मांक आणि 20 ग्रॅम. गणवेश मात्र अनुदानित शाळेलाही नाही. दोन जोडांसाठी वर्षाला 600 रुपये धरले आहेत, तेही सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठी. तेव्हा जाऊबाईंनाही गणवेश विकतच घ्यावा लागला असणार, विचारून पाहा.

आपली शाळा कोणत्या रकान्यात आहे हे फलकावरून कळत नाही. शाळेचा 11 अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक, मागा. महाराष्ट्रातल्या शाळांचा क्रमांक 27 ने सुरू होतो. यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर तो टाकला की शाळेच्या माहितीत व्यवस्थापनाचा प्रकार दिसतो. ‘शासन अनुदानित’ असेल तर पुस्तकं आणि आहार मागायचा हक्क आहे. ‘खासगी विनाअनुदानित’ असेल तर मुख्याध्यापकांशी भांडून उपयोग नाही.

इथे एक खाच आहे. एकाच संस्थेची, एकाच आवारातली, जवळजवळ एकाच नावाची मराठी शाळा अनुदानित आणि इंग्रजी शाळा विनाअनुदानित असते. त्याहून बारीक म्हणजे, अनुदानित शाळेतसुद्धा एखादी वाढीव तुकडी विनाअनुदानित चालवलेली असते. अ आणि ब तुकडीला फी नाही, क तुकडीला आहे, असा प्रकार दिसला तर कारण बहुतेक हेच. प्रवेश घेताना शाळेबरोबर तुकडीही विचारा आणि फी मागितली तर पावती घ्या. पावतीवर तुकडी लिहिलेली असते.

प्रश्न: 25 टक्क्यांच्या प्रवेशात सोडतीत नाव लागलं, पण पडताळणीत ‘पत्ता जुळत नाही’ म्हणून अर्ज बाद झाला. धाकटीच्या वेळी हे टाळायचं तर काय करावं? (एक पालक, पिंपरी)

आधी मुळातलं थोडक्यात. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. त्याच्या कलम 12(1)(क) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळेने प्रवेशाच्या पहिल्या वर्गात, मग तो पहिलीचा असो की नर्सरीचा, किमान 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या, जवळपास राहणाऱ्या मुलांना द्यायच्या आणि आठवी पूर्ण होईपर्यंत त्यांना मोफत शिकवायचं. खर्च सरकार भरून देतं. महाराष्ट्रात अर्ज संकेतस्थळावर भरतात आणि निवड सोडतीने होते.

या सगळ्याचा कणा आहे ‘जवळपास’ हा शब्द, आणि तिथेच तुमचा अर्ज पडला. अर्जात पत्ता टाइप केल्यावर नकाशा उघडतो आणि त्यावर लाल फुगा येतो. संगणक अंतर मोजतो ते या फुग्यापासून, टाइप केलेल्या पत्त्यापासून नाही. बरेच पालक सायबर कॅफेत फॉर्म भरतात. कॅफेवाला पिनकोड टाकतो, फुगा पोस्ट ऑफिसवर किंवा चौकात पडतो आणि तो तिथेच ठेवून पुढची पायरी दाबली जाते. मग घर शाळेपासून प्रत्यक्षात 1,400 मीटरवर असताना अर्जात 800 मीटर दिसतं. प्राधान्य आधी 1 किलोमीटरच्या आतल्यांना, मग 1 ते 3 किलोमीटरवाल्यांना, मग त्यापुढच्यांना असल्यामुळे फुग्याची चूक म्हणजे रांगेत पुढे घुसणं ठरतं. कागद तपासणारी पडताळणी समिती ते जाणूनबुजून केलेलंच धरते.

धाकटीच्या वेळी नकाशा उपग्रहाच्या दृश्यात बदलून घ्या, स्वतःच्या इमारतीचं छप्पर ओळखा आणि फुगा त्यावर ओढा. चाळीत किंवा वस्तीत छप्पर ओळखू येत नसेल तर आदल्या दिवशी दारात उभं राहून फोनच्या नकाशात अक्षांश-रेखांश टिपून ठेवा. शाळेचा फुगाही तपासा, कारण शाळांचे फुगेही कधी कधी चुकलेले असतात. चुकला असेल तर गटशिक्षणाधिकारी किंवा पालिकेच्या शिक्षण विभागाला लेखी कळवा, पण अर्ज भरायच्या आधी. अर्ज कायम केल्यावर काही हलत नाही.

पत्त्याचा पुरावा म्हणून आधार, शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, वीजबिल, पाणीपट्टी, घरपट्टी, पासपोर्ट यांपैकी काही चालतं, फक्त त्यावरचा पत्ता फुग्याशी जुळायला हवा. भाड्याने राहणाऱ्यांचा घोळ ठरलेला आहे. नोटरीचा भाडेकरार चालत नाही. करार दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला, किमान 11 महिन्यांचा आणि अर्ज भरायच्या आधीच्या तारखेचा लागतो. नाव लागल्यावर धावतपळत केलेला करार उपयोगाचा नाही. समिती त्या पत्त्यावर माणूस पाठवू शकते आणि तिथे तुम्ही राहत नसाल तर प्रवेश नंतरही रद्द होतो. नोंदणी आता घरबसल्या होते, तेव्हा करार संपत आला असेल तर प्रवेशाची जाहिरात यायच्या आधीच नवा करून घ्या.

जातीचा दाखला मुलाचा किंवा वडिलांचा हवा आणि महाराष्ट्रातला हवा. परराज्यातला चालत नाही. दिव्यांग मुलासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. वयाची मोजणी 31 डिसेंबरला धरून होते. शाळा 10 पर्यंत निवडता येतात. लोक मात्र दोन ‘मोठ्या’ शाळा टाकून थांबतात आणि नाव लागलं नाही म्हणून सोडतीवर खापर फोडतात. एका मुलाचे दोन अर्ज भरले, एक आईच्या फोनवरून आणि एक मामाच्या, तर दोन्ही बाद होतात.

शेवटचं म्हणजे, एसएमएसच्या भरवशावर राहू नका. फोन क्रमांक बदललेला असतो, संदेश येत नाही आणि मुदत टळते. अर्ज क्रमांक टाकून संकेतस्थळावर स्वतः पाहा, अलॉटमेंट लेटर छापा आणि मूळ कागद घेऊन मुदतीत पडताळणी समितीकडे जा. समितीने नकार दिला तर कारण लेखी मागा. तोंडी नकारावर दाद मागता येत नाही.

प्रश्न: आम्ही खुल्या प्रवर्गातले. नवरा सुरक्षारक्षक, पगार 14,000. आम्ही दुर्बल घटकात बसतो का? (एक वाचक, डोंबिवली)

नाही. दुर्बल घटकासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 1 लाख रुपयांच्या आत हवं, म्हणजे महिन्याला 8,333. तुमचं वर्षाचं 1,68,000 होतं. अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त-भटक्या, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गातली मुलं वंचित गटात येतात आणि त्यांना उत्पन्नाचा दाखलाच लागत नाही. त्यांच्या हक्काला बोट लावायचं कारण नाही. पण नियमाप्रमाणे किमान वेतन घेणारा पगारदार माणूस ज्या मर्यादेच्या बाहेर पडतो, ती मर्यादा गरिबीची राहिलेली नाही, हेही खरं. तुमच्या घरात 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेलं मूल असेल तर त्याला उत्पन्नाची अट नाही. कमी उत्पन्नाचा दाखला ‘काढून देणारे’ भेटतील. तो खोटा निघाला तर प्रवेश जातोच, वर गुन्हाही दाखल होऊ शकतो.

प्रश्न: मुलीला 25 टक्क्यांतून पहिलीत प्रवेश मिळाला. आता शाळा म्हणते, सरकार फक्त साडेसतरा हजार देतं, आमची फी 42,000, फरक तुम्ही भरा. शिवाय पुस्तकं, गणवेश आणि ‘उपक्रम शुल्क’ मिळून 11,500 वेगळे. भरायचे का? (एक वडील, नाशिक)

फरक भरायचा नाही, एक रुपयाही नाही. कलम 12(2) सांगतं की शाळेला भरपाई मिळते ती सरकारचा दर मुलामागचा खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढी. महाराष्ट्रात कमाल दर 17,670 रुपये आहे. 2020-21 मध्ये, शाळा बंद असताना, तो 8,000 वर आणला होता. तुमच्या शाळेला 42,000 ऐवजी 17,670 मिळतील. शेजारच्या शाळेची फी 12,000 असेल तर तिला 12,000 च मिळतील. उरलेले 24,330 शाळेने सोसायचे, असंच कायद्याने ठरवलं आहे. ते शाळेवर अन्यायाचं आहे का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात जाऊन आला. 12 एप्रिल 2012 च्या निकालात ही तरतूद कायम झाली.

पुस्तकं आणि गणवेश हा जास्त चिवट प्रश्न. कलम 3 प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण करण्याच्या आड येईल अशी कोणतीही फी, शुल्क किंवा खर्च मुलावर टाकता येत नाही. केंद्राने राज्यांसाठी केलेल्या नमुना नियमांत या मुलांना पुस्तकं, लेखनसाहित्य आणि गणवेश मोफत, असं स्पष्ट लिहिलं आहे. शाळांचं म्हणणं असतं की 17,670 मध्ये पुस्तकं बसत नाहीत. मग मधला मार्ग म्हणून पालकाला दुकानाचा पत्ता दिला जातो. म्हणून ‘उपक्रम शुल्क’, ‘संगणक शुल्क’, ‘स्नेहसंमेलन’ अशा प्रत्येक नावाची लेखी मागणी घ्या. शाळा ती बहुधा लेखी देत नाही, आणि तेवढ्याने बरीच प्रकरणं मिटतात.

मिटलं नाही तर तक्रार अशी करा. साध्या कागदावर मुलीचं नाव, प्रवेश क्रमांक, कोणत्या तारखेला कोणी किती पैसे मागितले, काय धमकी दिली, एवढंच लिहा. तालुक्यात गटशिक्षणाधिकारी, पालिका हद्दीत पालिकेचा शिक्षण विभाग आणि वर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक), यांच्याकडे आवक क्रमांक घेऊन द्या. कलम 32 प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. त्यावरचं अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. पैसे भरले नाहीत म्हणून मुलीला परीक्षेला बसू न देणं, निकाल अडवणं किंवा वेगळ्या वर्गात बसवणं यातलं काहीही चालत नाही, आणि आठवीपर्यंत तिचं नाव शाळेला काढता येत नाही.

एक खर्च मात्र खरोखर तुमचा आहे, बसचा. शाळेची बस ऐच्छिक असेल तर ती भरपाईत येत नाही. 3 किलोमीटरपुढची शाळा निवडताना लोक फी शून्य धरतात आणि वर्षभराच्या बसभाड्याचा हिशेब सप्टेंबरात उमजतो.

प्रश्न: मी एका छोट्या इंग्रजी शाळेत लिपिक आहे. आमच्याकडे 25 टक्क्यांतली 61 मुलं आहेत. प्रतिपूर्ती, म्हणजे सरकारकडून येणारी फीची भरपाई, दोन वर्षं अडकली. पालक आम्हाला चोर समजतात. पैसे नक्की कुठे अडकतात? (एक लिपिक, लातूर जिल्हा)

आधीच्या उत्तराची दुसरी बाजू मांडलीत, बरं झालं. हिशेब मांडू. पहिलीची क्षमता 40 असेल तर दर वर्षी 10 मुलं येतात आणि आठ वर्षांत ती 80 होतात. 17,670 ने गुणलं तर वर्षाला 14,13,600 रुपये. 15,000 फीच्या शाळेला यापेक्षा कमी मिळतात, पण तिथे वरकड उत्पन्नही नसतं. दोन वर्षं थकली की पगार थांबतात. मोठ्या शाळा हे पचवतात. तुमच्यासारख्या शाळांचं कंबरडं मोडतं आणि पालकाकडे हात पसरण्याची सुरुवात तिथूनच होते.

विलंबाचं मोठं कारण वरचं आहे. हा खर्च समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय शिक्षण योजनेच्या वार्षिक आराखड्यातून मागितला जातो आणि केंद्र त्यातला या कलमाखालचा भाग आराखड्याच्या जास्तीत जास्त 20 टक्क्यांपर्यंतच धरतं. पुन्हा केंद्र 60 आणि राज्य 40 अशी वाटणी. निधी तुकड्यांत येतो, जिल्ह्यात वाटला जातो आणि ज्यांचे प्रस्ताव तयार असतात त्यांना आधी मिळतो. तुमच्या हातात एवढंच आहे की तुमचा प्रस्ताव ‘त्रुटी’ म्हणून बाजूला पडू नये.

ज्या कारणांनी तो पडतो त्यातलं पहिलं म्हणजे मान्यतेचं ‘नमुना 2’ प्रमाणपत्र संपलेलं असणं. ते तीन वर्षांचं असतं. नूतनीकरणाचा अर्ज दिला म्हणजे काम झालं असं समजू नका. मधल्या वर्षांचं प्रमाणपत्र नसेल तर त्या वर्षांची मागणीच थांबते. दुसरं, फीचा तक्ता. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मान्य केलेली फी एक, संकेतस्थळावर भरलेली दुसरी आणि मागणीपत्रात तिसरी, असं झालं की फाइल परत. तिसरं, सरल (राज्याची विद्यार्थी नोंद प्रणाली) आणि यू-डायसमधल्या मुलांच्या नोंदी. नावाचं स्पेलिंग आधारशी जुळत नाही, किंवा शाळा सोडून गेलेलं मूल अजून पटावर आहे. 61 पैकी तिघांची नावं जुळली नाहीत तर तपासणी अधिकारी 58 मंजूर करत बसत नाही, पूर्ण यादी परत पाठवतो. म्हणून तीन वादग्रस्त नावं वेगळी काढून 58 चा प्रस्ताव आधी द्या आणि तिघांचा पुरवणी पाठवा.

चौथं कारण लोक विसरतात: संस्थेने जमीन, इमारत किंवा साहित्य सरकारकडून सवलतीत घेतलेलं असेल आणि त्या बदल्यात काही मुलांना मोफत शिकवण्याची अट असेल, तर तेवढ्या मुलांची भरपाई मिळत नाही. सवलत घेतली नसेल तर तसं हमीपत्र जोडावं लागतं. ते नसलं की फाइल न बोलता तशीच पडून राहते.

माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षण विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्यांकडे करा. तीनच गोष्टी मागा: अमुक वर्षी जिल्ह्याला किती निधी आला, तो कोणत्या शाळांना किती वाटला आणि आमच्या प्रस्तावावर काय शेरा आहे. 30 दिवसांत शेरा कळतो आणि निम्म्या वेळा तो एका ओळीत सुटण्यासारखा असतो.

प्रश्न: शेजारी जिल्हा परिषदेची शाळा असेल तर खासगी शाळेला 25 टक्के लागू नाहीत, असं आमच्या इथल्या शाळेने सांगितलं. (एक पालक, बारामती)

तो नियम काही महिनेच टिकला. 9 फेब्रुवारी 2024 च्या अधिसूचनेने, 1 किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला सूट दिली होती. कर्नाटकाने त्याआधीच असा बदल केला होता आणि तिथल्या उच्च न्यायालयाने 2019 मध्ये तो टिकवला होता. इथे तसं झालं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे 2024 ला स्थगिती दिली, 19 जुलैला अधिसूचना रद्द केली आणि 9 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. शाळेला 19 जुलैच्या निकालाची तारीख सांगा. शाळेचं नाव 25 टक्क्यांच्या यादीत आहे का, तेही संकेतस्थळावर पाहा.

प्रश्न: जवळची एक नामांकित इंग्रजी शाळा यादीतच नाही. ती चर्चचीही नाही. असं कसं? (एक वाचक, मुलुंड)

ती अल्पसंख्याक संस्थेची असेल. सर्वोच्च न्यायालयाच्या 6 मे 2014 च्या प्रमती निकालाने सर्व अल्पसंख्याक शाळा, अनुदानितसुद्धा, या कायद्याबाहेर काढल्या. अल्पसंख्याक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे धर्म येतो, पण महाराष्ट्रात भाषिक अल्पसंख्याकही आहेत: गुजराती, सिंधी, हिंदी, तमिळ. अशा विश्वस्त मंडळाची इंग्रजी शाळाही सूट मिळवते. शाळेकडे अल्पसंख्याक दर्जाचं प्रमाणपत्र असायला हवं, तोंडी दावा पुरत नाही. यादीत नसलेल्या शाळेबाबत हाच एक प्रश्न शिक्षण विभागाला लेखी विचारा.

प्रश्न: मुलगा 25 टक्क्यांतून चौथीत आहे. कंपनी बदलली, आता छत्रपती संभाजीनगरला जायचं आहे. तिथल्या शाळेत हीच जागा मिळेल का? (एक आई, पुणे)

नाही. ही जागा मुलाबरोबर प्रवास करत नाही, ती त्या शाळेतल्या त्या जागेला बांधलेली आहे. त्याच संस्थेची तिथे शाखा असली तरी हक्काने मिळत नाही, आणि एकदा लाभ घेतल्यावर पुन्हा अर्जही करता येत नाही. कलम 5 तुम्हाला बदलीचा हक्क देतं, पण तो सरकारी किंवा अनुदानित शाळेत. तिथे शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पुण्यातल्या शाळेने दाखला तातडीने द्यायचा आहे आणि 25 टक्क्यांतलं मूल म्हणून त्यासाठी कसलीही रक्कम मागायची नाही.

प्रश्न: मुलगी सातवीत आहे, हुशार आहे. आठवीनंतर शाळा पूर्ण फी मागणार म्हणते. एनएमएमएस शिष्यवृत्तीवर भागेल असं वाटत होतं. (एक वडील, अहिल्यानगर)

दोन्हीकडून अडचण आहे. मोफत शिक्षण आठवी पूर्ण होईपर्यंतच. नववीची फी मागणं शाळेच्या हक्कात आहे आणि त्यावर तक्रार टिकत नाही. एनएमएमएस ही कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती, तिची परीक्षा आठवीत होते. त्यात वर्षाला 12,000 रुपये, नववी ते बारावी मिळतात आणि पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं. पण ती सरकारी, स्थानिक संस्थेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच खुली आहे. खासगी विनाअनुदानित शाळेत मोफत शिकणारं मूलही अपात्र, कारण इथेही शाळेचाच प्रकार पाहतात.

म्हणजे खरा निर्णय आता, सातवी संपताना आहे. आठवीला अनुदानित शाळेत नेली तर उरलेलं एक मोफत वर्ष सोडावं लागेल, पण तिथेही आठवीला शिक्षण शुल्क नाही, पुस्तकं मिळतील, परीक्षेला बसता येईल आणि नववी-दहावीला शिक्षण शुल्काचा प्रश्न येणार नाही. सातवीत 55 टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातीला 5 टक्के सूट. ती इंग्रजी माध्यमात असेल तर जवळ इंग्रजी किंवा सेमी-इंग्रजीची अनुदानित तुकडी आहे का ते आधी पाहा. माध्यम बदलून एका वर्षात स्पर्धा परीक्षा देणं जड जातं. शाळा न बदलता द्यायची असेल तर राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा विनाअनुदानित शाळांतल्या मुलांनाही खुली आहे.

प्रश्न: मुलाला ऐकू कमी येतं. शेजारच्या झेडपी शाळेत डॉक्टरांची गाडी येते, आमच्या इंग्रजी शाळेत कधीच नाही. (एक आई, कराड)

ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकाची गाडी. दोन डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा तपासणी करतात. विनाअनुदानित शाळा त्यांच्या यादीत नसतात. तुम्ही थांबू नका. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात थेट जा आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे मुलांमधली व्यंगं लवकर तपासून उपचार करणाऱ्या केंद्राकडे, चिठ्ठी मागा. तिथे मुलाची शाळा कोणती हे पाहिलं जात नाही. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून घ्या. 40 टक्के भरले तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 31 त्याला 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क देतं. म्हणजे आठवीवर ते थांबत नाही. श्रवणयंत्राच्या सरकारी योजनेचा अर्ज पालकच करतो, शाळेचा संबंध नाही.

जंतनाशक दिनाची गोळी मात्र खासगी शाळांतही द्यायची असते. 400 मिलिग्रॅमची अल्बेंडाझोल, चावून खायची. शाळेने ती वाटली नाही तर आशाताईंकडे मागा.

प्रश्न: गोव्यात इंग्रजी प्राथमिक शाळांना सरकार अनुदान देतं, मग तिथे मराठी शाळांचं काय? नेमकं काय झालं होतं? (एक वाचक, सावंतवाडी)

गोव्यात 1990 पासून प्राथमिक शाळांचं अनुदान मातृभाषेच्या माध्यमाला जोडलेलं होतं, म्हणजे व्यवहारात कोंकणी आणि मराठीला. अनुदान टिकवायचं म्हणून चर्चच्या कित्येक प्राथमिक शाळांनी तेव्हा इंग्रजी सोडून कोंकणी धरली, तीही रोमन लिपीतली नव्हे, देवनागरीतली. 2011 मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदान दिलं. त्याविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला. 2012 मध्ये सत्ता बदलली, पण पर्रीकर सरकारनेही अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी शाळांचं अनुदान चालू ठेवलं आणि त्या भांडणातून पुढे 2016 मध्ये सुभाष वेलिंगकरांना गोव्याच्या संघप्रमुखपदावरून दूर केलं गेलं. मराठी आणि कोंकणी शाळांचं अनुदान बंद झालेलं नाही. फरक एवढाच की इंग्रजीची वाट आता फुकट झाल्यावर मराठी शाळेला अनुदान असूनही पट टिकवावा लागतो.

तुमच्या भागातलं मूल सीमेपलीकडच्या गोव्यातल्या शाळेत जात असेल तर त्याला महाराष्ट्राचे 25 टक्के लागू होत नाहीत, आणि यू-डायस क्रमांक 30 ने सुरू होणारी शाळा आपल्या संकेतस्थळावर निवडताही येत नाही.